पनवेल–बोरघाट भारवाहतूक

महाराष्ट्रातील पनवेल (जि. रायगड) या खाडीकाठच्या शहरापासून बोरघाटाने दख्खनच्या पठारावर जाणाऱ्या मार्गावरील मालवाहतूक. समुद्रसपाटीलगतचे पनवेल आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील खंडाळा यांच्या उंचीत सु. ५५० मी. फरक असून त्यातील बहुतेक चढ खोपोली ते खंडाळा या थोड्या अंतरातच चढावा लागतो. त्यामुळे ओढणाऱ्याची ताकद आणि ओढावयाचा भार यांचा मेळ घालणे हा या मार्गावरील वाहतुकीचा मूळ प्रश्न होय. लादणीचे बैल, बैलगाडी, आगगाडी आणि कंटेनर वाहणारी जोडगाडी अशी चार साधने येथे क्रमाने आली. प्रत्येक साधनाची कुवत वरवर पाहता केवळ ओढीवर अवलंबून असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिला चार मर्यादा असतात : ओढ, ओढणाऱ्याच्या पाठीवर येणारा भार, दोहोंमधील जोड आणि उतारावरील रोध. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते, तीच त्या साधनाची खरी कुवत ठरते. या मार्गाचा सु. अडीचशे वर्षांचा इतिहास या नियमाचा प्रत्यय देतो.

लादणीचे बैल व तोफा : पनवेल हे गाढी नदीच्या काठी, मुंबई बंदराशी खाडीने जोडलेले आहे. मुंबई बेटाहून पुण्याकडे जाणारा प्रवासी व माल होडीने पनवेलला उतरे व तेथून खुष्कीच्या मार्गाने खोपोलीमार्गे घाट चढे. घाटावरील धान्य व कापूस खाली येई आणि किनाऱ्यावरील मीठ वर जाई. ही वाहतूक मुख्यत्वे वंजारी व लमाण तांड्यांच्या लादणीच्या बैलांवर चाले. लादणीच्या बैलाला रस्त्याची फारशी गरज नसते, पायवाटही पुरते. मात्र सारा भार त्याच्या पाठीवर असल्याने तो थोडाच माल नेऊ शकतो. म्हणजे येथे ओढीची मर्यादा नसून पाठीची मर्यादा असते.

जे ओझे तुकडे करून पाठीवर लादता येत नाही, त्याच्यासमोर मात्र ही व्यवस्था लंगडी पडते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांचे सैन्य पनवेलला उतरले व तोफांसह बोरघाट चढून पुण्याकडे निघाले. त्याच्याबरोबर सु. १९,००० बैलांचा लवाजमा होता. या अवजड सरंजामामुळे त्याची चाल अत्यंत मंद झाली. मराठ्यांनी वाटेवरील प्रदेश उजाड करून त्याची रसद तोडली. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावाहून माघार घेताना ते वडगाव येथे कोंडीत सापडले व त्याला मानहानिकारक तह करावा लागला. या पराभवाची लष्करी व राजकीय कारणे अनेक होती. तथापि भार आणि त्याला वाहून नेणारे साधन यांचा मेळ नसला, तर सैन्याची हालचालच त्याच्या नाशाला कशी कारण होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

बैलगाडीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात घाटातील वाट सुधारण्यात आली; पण १८२५ मध्ये या मार्गाने गेलेले कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या वर्णनावरून ती भरल्या गाडीला जवळजवळ अशक्य इतकी उभी होती, असे दिसते. प्रवासी पायी वा घोड्यावरून जात आणि माल जनावरांच्या पाठीवरूनच जाई. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत घाटात चाकांच्या गाड्यांना योग्य असा रस्ता तयार झाला व १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला करण्यात आला. चढाची तीव्रता कमी करून लांबी वाढविणे हे या रस्त्याचे तत्त्व होते. तेवढ्याच उंचीला चढण्यास लागणारे एकूण कार्य त्यामुळे कमी होत नाही, परंतु एका वेळी लागणारी ओढ कमी होते आणि बैलांच्या कुवतीत बसते.

या रस्त्याने पनवेलची भरभराट झाली. १८५२ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली; ती राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक होय. गाड्यांची चाके तयार करणे हा पनवेलचा प्रसिद्ध धंदा बनला. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परतताना चाकांची जोडी विकत घेऊन जाई. तुंबा, आरे व पाटे जोडून आणि वर तापविलेली लोखंडी धाव चढवून केलेले चाक हा रस्ता आणि भार यांच्यामधला दुवा होता.

दोन चाकांची बैलगाडी यांत्रिक दृष्ट्या लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. तिचा बहुतेक भार आसावर असतो. परंतु पुढचा काही भार धुरांवाटे जुवावर व तेथून बैलांच्या मानेवर येतो. माल मागे अधिक भरला, तर जू वर उचलले जाते व गाडी ‘उलाळ’ होते. पुढे अधिक भरला, तर बैलांच्या मानेवर ओझे येऊन ते थकतात व त्यांच्या खांद्यांना जखमा होतात. चढावर गाडीचा तोल मागे सरकतो आणि उतारावर पुढे येतो. म्हणून जाणता गाडीवान घाटापूर्वी माल सारखा करून घेतो आणि चढावर स्वतः धुरेजवळ बसतो वा गाडीखाली उतरतो. एकूण ओझे तेच असूनही केवळ त्याच्या जागेवरून गाडी चालण्याजोगी वा न चालण्याजोगी ठरते. जो भार काही अंशी स्वतःच्या चाकांवर व काही अंशी ओढणाऱ्याच्या अंगावर असतो, त्याचे हे सर्वांत जुने व सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय.

ओढीचा हिशेब ढोबळ मानाने असा मांडता येतो. बैल दीर्घकाळ काम करताना आपल्या वजनाच्या सु. एकदशांश इतकी ओढ देऊ शकतो. प्रत्येकी ४०० ते ४२५ किग्रॅ. वजनाच्या जोडीची टिकाऊ ओढ त्यानुसार ८० ते ८५ किग्रॅ. भरते. गाडी व माल मिळून १,००० किग्रॅ. वजन खडीच्या सपाट रस्त्यावर हलते ठेवण्यास सु. ३० किग्रॅ. ओढ लागते. १ : २० च्या चढावर (म्हणजे २० मी. अंतरात १ मी. उंची) त्यात आणखी ५० किग्रॅ.ची भर पडून एकूण ८० किग्रॅ. होते. जोडीची कुवत येथे संपते. १ : १२ च्या चढावर हीच ओढ सु. ११३ किग्रॅ. होते, तेव्हा दुसरी जोडी जुंपणे वा माल उतरवून दोन खेपा करणे एवढेच मार्ग उरतात. उतारावर उलट प्रश्न येतो. गाडी बैलांना पुढे रेटू लागते. तेव्हा चाक जखडून वा मागे लाकडी ओंडका बांधून ती रोखावी लागे. बैल चढावर थकला, तर थांबतो. उतारावर मात्र त्याला थांबता येत नाही.

लोहमार्ग : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मुंबई–ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. पुढे तो कल्याण व पळसदरीमार्गे घाटाच्या पायथ्याशी १८५६ मध्ये पोहोचला. घाटमाथ्यावरील खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. परंतु मधला घाट पूर्ण होण्यास आणखी पाच वर्षे लागली. या काळात माल व उतारू खाली आगगाडीतून उतरून घाट जुन्या साधनांनी चढत आणि वर पुन्हा आगगाडीत बसत. जेम्स जॉन बर्कली यांच्या मुख्य अभियंतेपदाखाली उभारलेला बोरघाटातील लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्याची लांबी सु. २५ किमी., चढण्याची उंची सु. ५५८ मी. आणि कमाल चढ १ : ३७ होता. मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले. हजारो मजुरांनी हे काम केले व त्यांतील पुष्कळ जण रोगराईला व अपघातांना बळी पडले. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी आपल्या अभियंत्यांकरवी मक्ता पूर्णत्वास नेला.

सपाट रुळांवर एक टन भार हलता ठेवण्यास केवळ ४ किग्रॅ.च्या आसपास ओढ पुरते. ही आगगाडीची मोठी जमेची बाजू होय. परंतु १ : ३७ च्या चढावर प्रत्येक टनामागे २७ किग्रॅ. ओढ अधिक लागते. म्हणजे एकूण गरज सपाटीच्या सात-आठपट होते. बैलगाडीच्या बाबतीत अधिक उभ्या अशा १ : २० च्या चढावरही ही वाढ तिपटीहून कमीच होती. मार्ग जितका गुळगुळीत, तितका चढ तुलनेने अधिक जाचक ठरतो. लोखंडी चाक व लोखंडी रूळ यांच्यातील पकड मुळातच कमी असते. त्यामुळे एंजिनाची शक्ती कितीही असली, तरी चालक चाकांवर पुरेसे वजन नसेल, तर ती जागीच फिरू लागतात. यासाठी घाटात गाडीचे वजन मर्यादित ठेवून एकाहून अधिक एंजिने लावण्याची पद्धत सुरू झाली.

जादा एंजिन मागून लावण्यास आणखी एक कारण आहे. सर्व ओढ पुढूनच दिली, तर पहिल्या डब्याच्या जोडावर संपूर्ण गाडीचा ताण येतो. एंजिनांची शक्ती पुरेशी असूनही जोड तुटू शकतो आणि सुटलेले डबे उताराने मागे धावू लागतात. मागील एंजिनाने रेटा दिल्यास जोडावरील ताण विभागला जातो व डबे मागे जाण्याची भीतीही कमी होते. कर्जत येथे गाडीमागे जादा एंजिने लावून ती घाटमाथ्यापर्यंत नेण्याची प्रथा विद्युत् एंजिनांच्या काळातही चालू राहिली.

खंडाळ्याजवळ डोंगराचा कडा आड आल्याने तेथे उलट-स्थानक बांधण्यात आले होते. गाडी त्यात शिरून थांबे, एंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाई व गाडी उलट दिशेने पुढील चढाला लागे. उताराने येणाऱ्या गाडीला तेथे थांबावेच लागे, कारण पुढे मार्ग संपत असे. २६ जानेवारी १८६९ रोजी एक गाडी उतारावर अनावर होऊन या स्थानकावर थांबू शकली नाही व अपघात झाला. अनावर गाडीला वेग मोडण्यास जागा मिळावी, म्हणून घाटात चढाच्या दिशेने वळविलेले बचाव-रूळही ठेवलेले होते. यंत्राच्या हाती रोध असला, तरी तो निकामी झाल्यावर शेवटचा आधार जमिनीच्या चढाचाच असतो, हे त्यामागील तत्त्व होय.

मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच सुमारास नवीन आखणीमुळे उलट-स्थानक वगळण्यात आले. मालगाड्यांसाठी आणलेली ‘ईएफ/१’ वर्गाची विद्युत् एंजिने सु. १२५ टन वजनाची व सहा चालक आसांची होती. सर्व वजन चालक चाकांवर असल्याने त्यांची पकड उत्तम असे. आडवे दांडे व हलताना दिसणारी त्यांची चाल यांवरून रेल्वे कामगार त्यांना ‘खेकडा’ म्हणत. उतारावर मोटारींचे जनित्रात रूपांतर करून वेग आवरण्याची व निर्माण झालेली वीज तारेत परत देण्याची सोय हे या एंजिनांचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होते.

लोहमार्ग कल्याण–कर्जतमार्गे गेल्याने घाटावरील बराचसा माल पनवेलला टाळून थेट मुंबईस जाऊ लागला. होडी व गाडी यांच्या सांध्यावर उभे असलेले पनवेलचे महत्त्व त्यामुळे ओसरले. पुढे सु. शंभर वर्षांनी, १९६० नंतरच्या दशकात, दिवा–पनवेल लोहमार्गाने ते रेल्वेच्या जाळ्यात आले.

पाचवे चाक व जोडगाडी : ‘पाचवे चाक’ (फिफ्थ व्हील) ही संज्ञा घोडागाडीच्या काळातील आहे. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्या वर एक आडवे वर्तुळाकार कडे बसवीत. गाडीच्या चार उभ्या चाकांखेरीज असलेले हे पाचवे. मोटारयुगात ते नाव ओढणाऱ्या वाहनाच्या मागील भागावर बसविलेल्या आडव्या तबकडीला मिळाले. ट्रेलरच्या पुढील टोकाखाली असलेली उभी पोलादी खीळ (किंगपिन) या तबकडीच्या खाचेत अडकते. या खिळीचा प्रचलित व्यास ५०·८ मिमी. असून अतिअवजड कामासाठी सु. ८९ मिमी. व्यासाची खीळ वापरतात. ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचा पुढील भार खिळीभोवतीच्या तबकडीवर व पर्यायाने ओढणाऱ्या वाहनावर येतो. अशा ट्रेलरला सेमी-ट्रेलर म्हणतात. अमेरिकेतील डिट्रॉइटचा लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ याने १९१४ मध्ये एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाची अशी गाडी तयार केली. त्यातून या उद्योगाला मोठी चालना मिळाली.

तत्त्वतः ही रचना दोन चाकांच्या बैलगाडीचीच आहे : भाराचा एक भाग स्वतःच्या चाकांवर आणि दुसरा ओढणाऱ्याच्या पाठीवर. मालमोटार व्यवसायाच्या बोलीत ओढणाऱ्या भागाला ‘घोडा’ म्हणतात, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेत हीच रचना लहान प्रमाणावर पिकअप मोटारींमागे लावावयाच्या फिरत्या घरांसाठी वापरतात. तेथे खिळीवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सु. १५ ते २५ टक्के भार येतो. ५ टन वजनाच्या ट्रेलरचा एकपंचमांश, म्हणजे १ टन, भार पिकअपच्या हौद्यात उतरतो. त्याखेरीज प्रवासी, सामान व जोडाचे स्वतःचे वजन असतेच. निर्मात्याने सांगितलेली ओढक्षमता ५ टनांहून अधिक असूनही पिकअपची मागील स्प्रिंग, टायर व आस यांची मर्यादा त्यापूर्वीच संपते. अशा वेळी ओढक्षमतेचा एकच आकडा पाहून केलेली निवड फसवी ठरते. प्रथम पाठीवरचा भार, मग प्रत्येक आसावरील भार, त्यानंतर दोन्ही वाहनांचे मिळून वजन आणि शेवटी ओढ असा तपासाचा क्रम ठेवावा लागतो.

कंटेनर व पनवेलचे पुनरुत्थान : मॅल्कम मॅक्लेन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेट्या नूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. या घटनेपासून आधुनिक कंटेनर वाहतुकीचा प्रारंभ मानतात. पुढे पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरली. २० व ४० फूट लांबीच्या पेट्या सर्वत्र रूढ झाल्या. ४० फुटी पेटीचे मालासह कमाल वजन ३०·४८ टन इतके ठरले. एकसंध ३० टनांचे हे ओझे तुकडे करून नेता येत नाही. तोफांनी एके काळी उभा केलेला प्रश्न नव्या रूपात पुन्हा उपस्थित झाला.

शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) १९७० मधील स्थापना आणि १९७३ मध्ये ठाणे खाडीवर झालेला पूल यांमुळे पनवेलचा परिसर मुंबईच्या निकट आला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले व ते देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक बनले. कळंबोली येथे लोखंड-पोलादाचा बाजार वसला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सु. ९४·५ किमी. लांबीच्या या मार्गाचे मुंबईकडील टोक कळंबोली येथेच आहे. अशा रीतीने आगगाडीने हिरावून घेतलेले माल-सांध्याचे स्थान पनवेलला मोटारयुगात परत मिळाले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली.

आसांचा हिशेब : मोटारवाहन अधिनियम, १९८८ मध्ये सेमी-ट्रेलरची व्याख्या करताना, ज्याचा काही भाग ओढणाऱ्या मोटारवाहनावर टेकलेला असून वजनाचा काही अंश ते वाहन पेलते, असे वर्णन आहे. वजनाची मर्यादाही कायद्याने एकत्रित न ठरविता आसांनुसार ठरविली आहे. कारण रस्ता, पूल, टायर व ब्रेक यांच्यावरील ताण आसागणिक येतो. २०१८ पूर्वी पुढील आसास ६ टन, चार टायरांच्या एकेरी आसास १०·२ टन, दुहेरी आसास १९ टन व तिहेरी आसास २४ टन अशी सर्वसाधारण मर्यादा होती. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने त्या अनुक्रमे ७, ११·५, २१ व २७ टन केल्या. दोन आसांचा घोडा व तिहेरी आसाचा ट्रेलर यांचे एकूण वजन त्यामुळे ४०·२ टनांवरून (६ + १०·२ + २४) ४५·५ टनांवर (७ + ११·५ + २७) गेले. तीन आसांच्या घोड्याच्या बाबतीत ते ४९ वरून ५५ टन झाले.

घोडा व रिकामा ट्रेलर मिळून १४ टन धरल्यास जुन्या मर्यादेत २६ टनांच्या आसपास माल बसत असे. पूर्ण भरलेली ३०·४८ टनांची पेटी त्यात बसत नव्हती. नव्या मर्यादेत ती बसते. परंतु बेरीज जुळली, म्हणजे मेळ साधला असे होत नाही. एकूण ४५·५ टनांपैकी घोड्याचे स्वतःचे वजन ७·५ टन मानले, तर भरलेला ट्रेलर ३८ टनांचा होतो. त्यातील २७ टन मागील तीन आसांनी घेतल्यास खिळीवर ११ टन उरतात व घोड्याच्या दोन्ही आसांवर मिळून बरोबर १८·५ टन येतात. पेटीत जड माल पुढच्या बाजूस रचला आणि खिळीवर १४ टन आले, तर एकूण वजनात एक किलोचीही वाढ न होता घोडा ३ टनांनी अधिभारित होतो. माल मागे रचला, तर चालक आस हलका होऊन गाडी ‘उलाळ’ होते. जू उचलले जात नाही एवढाच फरक.

या उलाळपणाचा परिणाम घाटात दिसतो. डांबरी रस्त्यावर दर टनास सु. १० किग्रॅ. व १ : २० च्या चढासाठी ५० किग्रॅ. धरल्यास ४५·५ टनांच्या गाडीला २,७३० किग्रॅ. ओढ लागते. ताशी २० किमी. वेगाने ती देण्यास चाकांपाशी सु. २०० अश्वशक्ती हवी. आधुनिक एंजिनांना हे कठीण नाही. पण ओल्या रस्त्यावर टायरांची पकड त्यांवरील वजनाच्या सु. चारदशांश धरली, तर ११·५ टनांच्या चालक आसाला ४,६०० किग्रॅ. ओढ देता येते, तर केवळ ६ टन भार असलेल्या आसाला २,४०० किग्रॅ. एंजिनात शक्ती शिल्लक असताना चाके फिरत राहतात आणि पावसाळ्यात गाडी चढावरच अडते.

उतार व रोध : ४५·५ टनांची गाडी ५०० मी. खाली उतरताना सु. २२ कोटी जूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने २५° से. तापमानाचे सु. ७०० लि. पाणी उकळीस येईल. ही सर्व ऊर्जा केवळ ब्रेकांनी शोषावयाची ठरविल्यास ते तापून त्यांची पकड मंदावते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला जातो, साधारणतः त्याच गिअरमध्ये उतरावे व एंजिनाच्या रोधाचा उपयोग करून ब्रेक राखून ठेवावेत, असा घाटातील नियम आहे. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय यासाठीच घातक ठरते. तिच्यामुळे एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकांवर पडतो. जोडगाडीत घोड्याचे ब्रेक आधी लागून ट्रेलरचे उशिरा लागले, तर ट्रेलर घोड्याला मागून रेटतो आणि गाडी जोडाशी चाकूप्रमाणे दुमडते. बैलांना रेटणाऱ्या गाडीचे हे मोठे रूप होय. निकामी ब्रेकांमुळे अनावर झालेली अवजड वाहने समोरच्या मोटारींवर आदळून बोरघाटात अनेकदा प्राणहानी झाली आहे. यात मरणाऱ्यांचा त्या भाराशी वा त्याच्या हिशेबाशी काहीही संबंध नसतो.

अधिभाराबद्दलचा दंड १ सप्टेंबर २०१९ पासून २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा वाढविण्यात आला. जादा माल उतरवून घेण्याची तरतूदही आहे. वजनकाटा मात्र मुख्यतः भार सांगतो. माल कसा रचला आहे, खीळ व तबकडी किती झिजली आहे आणि ब्रेक कोणत्या अवस्थेत आहेत, हे गाडी निघण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहूनच कळते. पेटी बंदरात मोहोरबंद स्थितीत येते व तीतील मालाची रचना चालकाने पाहिलेलीही नसते. बैलगाडीचा गाडीवान माल स्वतः भरीत असे आणि उलाळ गाडी त्याच्या जुवावरच कळे. भार भरणारा, वाहनाचा मालक व चालक हे आज तीन वेगळे जण असतात. त्यामुळे जो हिशेब पूर्वी एकाच माणसाच्या हाताला कळत होता, तो आता कागदावर मांडून एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवावा लागतो. पनवेलहून घाटाकडे निघणाऱ्या प्रत्येक जोडगाडीची सुरक्षितता या हिशेबाच्या खरेपणावर अवलंबून असते.